आभाराच्या पत्राला तक्रार क्रमांक

अकरा जून, मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. काम: मुलाखतीनंतरचा आभाराचा ईमेल, इंग्रजी, नग एक. मेहनताना चाळीस रुपये, आगाऊ. हजर: मी, झेरॉक्स यंत्रापाशी माझे यजमान, वडगावची रेखा, वय तेवीस, आणि तिचे वडील महादेवाप्पा, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

इतकं नेमकं सांगण्याचं कारण असं, की पुढं या कामाची रीतसर चौकशी झाली आणि हा तपशील मला दोनदा तोंडी द्यावा लागला. त्यामुळे पाठ झाला आहे.

बेळगावात शहापूरला आमचं टायपिंग सेंटर आहे. सासऱ्यांनी ते तीन यंत्रांवर सुरू केलं: एक इंग्रजी, एक मराठी, एक कन्नड. मला बघायला आले तेव्हा त्यांनी स्वयंपाक येतो का विचारलं नाही. खिशातून एक उतारा काढला आणि टाइप करायला सांगितला. दोन चुका निघाल्या. 'दोन चालतात,' असं म्हणून त्यांनी लग्न ठरवलं. त्याला एकतीस वर्षं झाली. यंत्रं गेली, संगणक आले, पण काम तेच आहे. ज्याला जे म्हणायचं असतं ते त्याच्या वतीनं कागदावर आणायचं. मी साधी गृहिणी. सकाळी घरचं आवरून दहा वाजता दुकानात बसते आणि रोज सरासरी नऊ माणसांच्या वतीनं नम्र होते.

आभाराचा ईमेल म्हणजे काय, हे ज्यांना नोकरी लागून तीस वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगते. हल्ली मुलाखत झाली की चोवीस तासांच्या आत कंपनीला छोटं पत्र पाठवतात. वेळ दिल्याबद्दल आभार, मुलाखतीतल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख, कामात रस असल्याचं एक वाक्य, आणि निर्णय कळवावा ही विनंती. नव्वद ते एकशेवीस शब्द. पगार विचारायचा नाही, घरातलं आजारपण सांगायचं नाही, देवाला मध्ये आणायचं नाही.

ही पद्धत आमच्याकडे सात-आठ वर्षांपूर्वी आली. त्याआधी माणूस मुलाखत देऊन घरी बसायचा आणि महिन्यानं आमच्याकडे स्मरणपत्र करून घ्यायला यायचा. माझा हात त्याच स्मरणपत्रांवर बसलेला. त्यामुळे सुरुवातीचे माझे वीसेक ईमेल बिघडले. एका मुलाची मुलाखत सकाळी अकराला झाली आणि दुपारी दोन वाजता मी कंपनीला कळवलं, की अद्यापपावेतो आपल्याकडून कोणतेही उत्तर प्राप्त झाले नाही, ही खेदाची बाब आहे.

निपाणीकडचा एक मुलगा फार व्यवस्थित होता. पुन्हा बेळगावला यायला नको म्हणून त्यानं आभाराचा ईमेल मुलाखतीच्या आदल्या दिवशीच करून घेतला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपोआप जाईल अशी व्यवस्था करायला लावली. मी केली. कंपनीनं मुलाखत आठवडाभर पुढं ढकलली, हे मला कळवायचं तो विसरला. आपल्या मौलिक मार्गदर्शनाबद्दल आभार, असं त्यांना वेळेवर पोचलं. त्यांनी नम्रपणे विचारलं, की आपण नक्की कोणाला भेटलात?

आता आमच्या भागाची एक सवय सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. आमच्या सीमाभागात अर्ज कधी एकट्याला जात नाही. कागद एका भाषेत निघतो, वाचणारा दुसऱ्या भाषेतला असतो आणि सही करणारा तिसऱ्या गावात असतो. एका ठिकाणी दिलेला अर्ज हरवतो. पाच ठिकाणी दिलेला अर्ज चार ठिकाणी हरवतो. म्हणून अर्जाच्या खाली 'प्रत माहितीसाठी' असं लिहून यादी द्यायची. तहसीलदार, जिल्हाधिकारी, आमदार, खासदार, अशी ती चढत जाते. शेजाऱ्याच्या पन्हाळीचं पाणी अंगणात पडतं म्हणून एका गृहस्थांनी माझ्याकडून अकरा प्रती करून घेतल्या होत्या. त्यातली एक पोस्टमास्तरांना. त्यांना का, असं विचारलं तर म्हणाले, "माणूस चांगला हाय वो."

दुसरी गोष्ट पोच. आपल्याकडच्या प्रतीवर समोरच्या कार्यालयाचा शिक्का आणि क्रमांक आल्याशिवाय अर्ज दिला असं आम्ही धरत नाही. आणि तिसरी गोष्ट सासऱ्यांचा नियम. कागदाच्या शेवटी लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव आणि पत्ता घालायचाच. चूक निघाली तर कुणाला धरायचं हे समोरच्याला कळलं पाहिजे, असं ते म्हणत. एकतीस वर्षांत मी हा नियम मोडलेला नव्हता.

तर रेखा. तिच्या घरी चार यंत्रमाग, त्यातले दोन बंद. महादेवाप्पा साड्या विणतात. रेखा बी.कॉम. झाली आणि दोन वर्षं अर्ज करत होती. चौदा अर्ज माझ्याच हातचे. पंधराव्याला पहिल्यांदा मुलाखतीचं बोलावणं आलं. निपाणीच्या वाटेवर शाळांच्या गणवेशाचं कापड करणारी एक कंपनी आहे, तिथं तपासणी विभागात एक जागा होती. मुलाखत सोमवारी साडेअकराला झाली. म्हणजे मंगळवारी ती माझ्यासमोर बसली तेव्हा चोवीस तासांवर तीन तास चाळीस मिनिटं उशीर झालेला होता.

"उशीर का केलास गं?" मी विचारलं.

"आप्पा नको म्हणालते. मेल केला की आपण अडलोय असं दिसतंय, म्हणालते."

"अडलोयच की," महादेवाप्पा म्हणाले. "ही जागा न्हाय मिळाली तर एक तारखेपासनं लोंढ्याला मामाच्या हाटेलात बसायचं ठरलंय हिनं."

"मी न्हाय ठरवलं. तुमी आनि मामानं ठरवलंय. मामा पगार देनार न्हाय, जेवाण देनार."

"जेवाण काय फुकट मिळतंय व्हय?"

हा वाद घरून चालत आलेला दिसत होता. मी कीबोर्ड पुढं ओढला आणि मुलाखतीत काय झालं ते विचारलं. रेखानं खुर्ची जवळ घेतली.

"आक्का, माझी एक चूक झालीया. ती लिवायची हाय."

चूक अशी. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी तिच्या हातात निळ्या कापडाचा तुकडा दिला आणि कापड कसं आहे असं विचारलं. हिनं 'चांगलं आहे' म्हणून सांगितलं. घरी येऊन जेवायला बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की काठापासून चार बोटांवर अंगठ्याला काहीतरी लागलं होतं. तिथला एक उभा धागा नव्हता.

"तिथंच का नाही सांगितलंस?"

"म्याडम हसत हुत्या वो. त्यांनी लई मायेनं दिलं ते कापड. कसं सांगू?"

मी तिला समजावलं. मुलाखतीत झालेली चूक कुणी स्वतःच्या हातानं लिहून देत नाही. त्यांना कळलेलं नाही, तर ते तसंच राहू दे. महादेवाप्पा माझ्या बाजूचे. ते म्हणाले, "उलट असं लिवा आक्का, की कापड बघून डोळ्याचं पारणं फिटलं." रेखानं दोघांचं ऐकून घेतलं आणि हात पुढं केला.

"मग माझं चाळीस परत द्या."

यंत्रापाशी आमचे हे हसले. मी ते वाक्य घातलं. ईमेल नऊ वाक्यांचा झाला. आठ माझी होती, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली. तिचं एक मी बरोबर मध्ये, पाचव्या जागी दडवलं. मराठीत त्याचा अर्थ असा होता: 'मला दाखवलेल्या निळ्या कापडात काठापासून चार बोटांवर एक उभा धागा नाही, हे मी त्या वेळी सांगायला हवं होतं.'

मी पाठवायला निघाले तेवढ्यात महादेवाप्पा म्हणाले, "आनि प्रती?"

खरं सांगते, त्यांनी विचारलं नसतं तरी मी घातल्या असत्या. बोटं तिकडेच चालली होती. कंपनीच्या संकेतस्थळावर पाच पत्ते होते. मॅडमचा मुख्य. मग प्रत माहितीसाठी: महाव्यवस्थापक, मुख्य कार्यालय, विक्री विभाग आणि ग्राहक तक्रार कक्ष. तक्रार कक्ष मी विचार करून घातला. सरकारात बाकी कुणी विचारलं नाही तरी तक्रार कक्ष क्रमांक देतो. शेवटी लिहिणाऱ्याचं नाव म्हणून माझं नाव आणि दुकानाचा फोन. तीन वाजून बावन्न मिनिटांनी पाठवला.

तीन त्रेपन्नला पोच आली.

एकतीस वर्षांत एका मिनिटात पोच मला कुठल्याही कार्यालयानं दिली नव्हती. वर नऊ आकडी क्रमांक. मी दोन प्रती छापल्या, एक त्यांना, एक फाइलला. महादेवाप्पांनी ती घडी न घालता दोन्ही हातांत आडवी धरली, ताजा रंग दिलेली पाटी न्यावी तशी. रेखा दारात उभी राहून वाचत होती.

"आक्का, ह्यात कंप्लेंट म्हटलंय. तुमची कंप्लेंट नोंदवलीया, सात दिवसांत उत्तर देतो, असं."

"मोठ्या कंपन्यांत सगळ्यालाच कंप्लेंट म्हणतात," मी म्हणाले. मला तेव्हा तसं खरोखरच वाटलं होतं.

बुधवारी सकाळी दहा चाळीसला दुकानात फोन आला. तक्रार कक्षातला कुणी मुलगा हिंदीत बोलत होता, फार अदबीनं.

"मॅडमजी, कपडा कब खरीदा आपने?"

"खरीदा नहीं. दिखाया."

"किसने दिखाया?"

"आपकेच मॅडम ने."

"बिल नंबर बताइए."

"बिल नहीं है. मुलाखत थी."

त्यानं तेही कुठं तरी टाइप केलं. मग विचारलं, माल किती मीटर आहे. मी खोटं बोलत नाही. रेखानं हातानं दाखवलं होतं तेवढं, एक वीत, असं सांगितलं. वीत म्हणजे किती, तर नऊ इंच. तर तो म्हणाला, मीटरमध्ये सांगा. मी पट्टी घेऊन हिशेब केला आणि शून्य पूर्णांक तेवीस सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं. मग मी म्हटलं, बाबा, ही तक्रारच नाही, आभार आहेत, तू ती काढून टाक. तो म्हणाला, काढायला कारण लागतं, आणि कारणं तीनच आहेत: माल बदलून मिळाला, पैसे परत मिळाले, किंवा ग्राहक वारला.

"यातलं कोणतं लिहू?" त्यानं विचारलं.

मी फोन ठेवला.

बारा वाजता रेखाची स्कूटर दारात थांबली. ती उतरली नाही, हँडल धरून बसून राहिली. मी बाहेर गेले.

"म्याडमचा फोन आलता."

"काय म्हणाल्या?"

"सातजणांत दोघं ठेवली हुती म्हणं. एक मुलगा आनि मी. कापड एक नंबरचं हाय, तू चांगलं म्हणालीस म्हणून तुझं नाव ठेवलं, म्हणाल्या. आनि आता लिवून द्यायलीस की खराब हाय, ते पन मोठ्या सायबांस्नी, विक्रीवाल्यांस्नी. वरनं तक्रार." तिनं हेल्मेट काढलं. "शुक्रवारी अकराला बोलवलंय. नोकरीला न्हाय. तक्रार मिटवायला. तक्रारदार नंबर एक मी, आनि नंबर दोन तुमी."

आतून आमचे हे म्हणाले, "पोस्टमास्तरांची प्रत राहिली की गं."

मला हसू आलं नाही. तिचं वाक्य एकट्या मॅडमना गेलं असतं तर त्यांनी कदाचित वाचून सोडून दिलं असतं. तिचं नाव दोघांत होतं. वाक्य तिचं होतं, पण ते पाच दारांत नेऊन टाकलं होतं मी. मी तिला म्हटलं, "मी येते तुझ्याबरोबर. सांगते त्यांना, की चूक लिहिणारीची आहे." ती म्हणाली, "कापडात चूक हाय आक्का. तुमची काय चूक?" आणि स्कूटर चालू करून गेली. तिला अजून कळलेलं नव्हतं, की मी प्रतींबद्दल बोलत होते.

शुक्रवारी आम्ही तिघं बसनं गेलो. महादेवाप्पांना न आणायचं ठरलं होतं, पण ते बसस्टँडवर आमच्या आधी पोचलेले. तिथं अवाक्षर बोलणार नाही असं त्यांनी रेखाला वचन दिलं.

तपासणी विभागाचे प्रमुख हिरेमठ साहेब, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांच्या टेबलावर संगणक, त्याच्या बाजूला मुलाखतीच्या मॅडम. मॅडमनी आमच्याकडे बघितलं नाही. हिरेमठ साहेबांनी कागद बघितला आणि कन्नड वळणाच्या मराठीत विचारलं.

"तक्रारदार दोन कोण?"

"मी."

"तुम्ही कापड बघितलंय काय?"

"नाही."

"मग तुमची तक्रार कसली री?"

"माझी काही तक्रार नाही, साहेब. मी फक्त पत्र लिहिते."

"कुणाचं?"

"कुणाचंही."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन मला नीट बघितलं. मग मी बुधवारपासून मनात जुळवलेलं सांगितलं. या मुलीनं फक्त आभार मानायला सांगितले होते, प्रती मी घातल्या, आमच्याकडे तशी पद्धत आहे, त्याचा राग तिच्यावर काढू नये. मॅडम पहिल्यांदा बोलल्या. "असले आभाराचे मेल मी उघडतसुद्धा नाही हो. दिवसाला वीस येतात, सगळे एकसारखे. हा साहेबांनी फोन करून विचारला म्हणून उघडला."

आठ वाक्यं माझी होती. मला वाटतं, माझा चेहरा पडलेला रेखाला दिसला असावा, कारण तिनं लगेच विचारलं, "सायेब, ते कापड कुठाय?"

निळा तुकडा आला. हिरेमठ साहेबांनी खिशातून धागे मोजायचं भिंग काढलं, तुकड्याच्या मधोमध ठेवलं आणि मोजलं. "बरोबर आहे," म्हणाले. मॅडमनी मान हलवली. रेखानं तुकडा ओढून घेतला. तिनं तो उजेडात धरला नाही, भिंगही मागितलं नाही. काठापासून अंगठा आडवा नेत गेली आणि थांबली.

"हितं."

साहेबांनी तिथं भिंग ठेवलं. एकदा मोजलं, कपाळ पुसलं, पुन्हा मोजलं.

"एक कमी," ते म्हणाले.

"एका धाग्यानं असं काय होतं?" मॅडम म्हणाल्या.

इथं महादेवाप्पांचं वचन मोडलं. ते भिंतीपासून दोन पावलं पुढं आले. "म्याडम, आडवा धागा गेला तर तिथल्या तिथं मिटतंय. उभा गेला की त्यो कापड संपस्तवर गेलेला असतोय. पोरास्नी शर्ट शिवा, दोनदा धुवा, पाठीवर रेघ बघा."

"आप्पा," रेखा म्हणाली.

"गप बसलोय की मी!"

"सायेब, ह्याचा तागा कुठाय?" रेखानं विचारलं. तागा म्हणजे अख्खं गुंडाळलेलं कापड, त्यांच्याकडे शंभर मीटरचं. आम्ही सगळे गोदामात गेलो. ज्या ताग्यातून तो तुकडा कापला होता त्याच्या काठापासून चार बोटांवर तिनं अंगठा ठेवला. तिथंही धागा नव्हता. त्याच मागावरचे आणखी दोन तागे शेजारी रचलेले होते. त्यांतही नव्हता. तिन्ही ताग्यांवर एका शाळेची चिठ्ठी लागलेली होती आणि ते शनिवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशी, जायचे होते. हिरेमठ साहेबांनी कन्नडमध्ये कुणाला तरी हाक मारली आणि ते तागे मागं ओढायला लावले. हाकेचा मजकूर मला समजला, पण इथं लिहिता येत नाही.

टेबलावर परत आल्यावर ते तक्रार बंद करायला बसले. मोठ्यानं वाचत एकेक रकाना भरत गेले. तक्रार खरी आहे काय: होय. कारवाई: तीन तागे रोखले. तक्रारदार क्रमांक दोन समाधानी आहे काय? मी घाईघाईनं होय म्हटलं. तक्रारदार क्रमांक एक समाधानी आहे काय?

"न्हाय," रेखा म्हणाली.

साहेबांचं बोट हवेत राहिलं. "का मा?"

"माझ्या मुलाखतीचं काय झालं, ते कुनी कळवलंय कुठं?"

"ते वेगळं काम आहे," मॅडम म्हणाल्या. "त्याचा या तक्रारीशी संबंध नाही."

"मग ही तक्रार उघडीच ऱ्हाऊ दे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझं शेवटचं, नववं वाक्य सव्वीस शब्दांचं होतं: आपल्या सोयीनुसार यथावकाश निर्णय कळवण्याची कृपा वगैरे. हिनं तेच आठ शब्दांत मागितलं होतं आणि आवाजही चढवला नव्हता. हिरेमठ साहेब मॅडमना म्हणाले, "मंगळवारी सात दिवस होतात री. बुधवारपासनं हे मुख्य कार्यालयात लाल रंगात दिसतंय." मॅडम म्हणाल्या, पद्धतीप्रमाणे ईमेलनं कळवू. आम्ही उठलो.

परतीच्या बसमध्ये बापलेकींचं भांडण चालू होतं. मी खिडकीशी बसले होते. मला बऱ्याच वर्षांपूर्वीचे एक शिक्षक आठवले. खेड्यातल्या एका शाळेत मुलाखतीला त्यांना पन्नास मिनिटं उशीर झाला, कारण वाटेत एका म्हाताऱ्या बाईंना चक्कर आली आणि हे त्यांना दवाखान्यात पोचवून आले. ते पत्रात लिहा, असं ते म्हणत होते. मी म्हटलं, सबबी देऊ नयेत, वाईट दिसतं. ती ओळ काढली आणि तिच्या जागी 'आपला नम्र सेवक' वाढवला. जागा त्यांना मिळाली नाही. उशीर का झाला हे त्या शाळेला कधीच कळलं नाही, आणि त्यांनी मात्र मला पेढे आणून दिले होते, पत्र सुंदर झालं म्हणून. अशा किती ओळी मी काढल्या असतील, हे मोजायचा मी प्रयत्न केला. काढलेल्या ओळींच्या प्रती मी ठेवलेल्या नाहीत.

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी रेखा दुकानात येऊन ईमेल बघून गेली. काही नव्हतं. महादेवाप्पांनी लोंढ्याच्या मेव्हण्याला कळवून टाकलं, की मुलगी एक तारखेला येते. मंगळवारी दुपारी चार वाजता पत्र आलं. तपासणी विभाग, एक जुलैपासून, तीन महिने उमेदवारी, पगार नमूद. रेखानं ते तीनदा वाचलं. मग म्हणाली, "आक्का, आता समाधानी म्हणून कळवा." मी एका वाक्यात कळवलं. प्रत कुणालाही नाही. लिहिणाऱ्याचं नाव घातलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

एक जुलैला ती सकाळी सातच्या बसनं गेली. त्याच दिवशी साडेबाराला महादेवाप्पा दुकानात आले, हातात मोबाइल, श्वास लागलेला. रेखाचं बँकेतलं खातं ती शाळेत असताना उघडलेलं, त्याला फोन नंबर वडिलांचा. खात्यात पैसे आल्याचा निरोप त्यांना आला होता. इंग्रजीत.

"आक्का, बघा. हाकललं पोरीला!"

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला लागतंय? सकाळी आठला आत गेली. आता साडेबारा. साडेतीनशे रुपये जमा! अर्ध्या दिसाचा पगार देऊन घालवलं वो. मी सांगत हुतो, तिथं उलट बोलू नगस म्हणून. आता मेव्हण्याला काय तोंड दाखवू?"

आमच्या ह्यांनी त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं. मी चष्मा लावून निरोप वाचला. त्यातला नऊ आकडी क्रमांक ओळखीचा होता, आमच्या तक्रारीचा. त्या कंपनीचा नियम आहे, की तक्रार खरी ठरली तर ग्राहकाला ठरावीक भरपाई द्यायची, आणि ती यंत्र आपोआप देतं; सकाळी रुजू होताना रेखानं खात्याचा क्रमांक दिला आणि यंत्रानं पैसे सोडले. मी ते महादेवाप्पांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. मी कंपनीत फोन लावला, हिरेमठ साहेबांना विचारलं आणि फोन त्यांच्या कानाला दिला. पलीकडून साहेब ओरडल्याचं मलाही ऐकू आलं, की मुलगी कामात आहे, सकाळपासून दोन तागे मागं काढलेत तिनं, आता पुन्हा फोन करू नका.

साडेतीनशे रुपये पोचले. घेणार: रेखा महादेवाप्पा, वडगाव. कारण, बँकेच्या शब्दांत: असमाधानी ग्राहक.